भोंग्याचा हजेरीपट

१

भोंगा पाचव्यांदा पडला तो मंगळवारी, सकाळी सव्वाआठला, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर.

वेळ एवढी नेमकी सांगते, कारण सवय. वजनकाट्यांच्या कारखान्याच्या गेटवर मी एकतीस वर्षं हजेरी लिहिली. आठला तीन मिनिटं असताना कोण आला, आठ वाजून चार मिनिटांनी "बाई, सायकल पंक्चर" म्हणत कोण आला, आणि आठवड्यातून तीनदा कोणाची सायकल पंक्चर व्हायची, सगळं वहीत. शिशाच्या खोलीतल्यांना अ‍ॅप्रनसकट गेटबाहेर पडू द्यायचं नाही, पॅकिंगमधल्या बायकांच्या पिशव्या बघायच्या (आणि आत खोक्यांवर खुणा करायच्या दोन रंगीत पेन्सिली दिसल्या तर न दिसल्यासारखं करायचं), हेही माझंच काम. कारखाना बंद पडून सहा वर्षं झाली. गेटला कुलूप आहे, कुलपाला गंज आहे, आणि मी अजून माणूस दिसला की आधी घड्याळ बघते. वसाहतीत मला सगळे हजेरीबाईच म्हणतात. खरं नाव पेन्शनच्या कागदापुरतं उरलंय.

भोंगा हा वजनमास्तरांचा कुत्रा. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, पॅकिंगमध्ये होत्या. त्यांनी त्याला भुशाच्या खोक्यातून घरी आणलं तेव्हा तो मुठीएवढा होता. कारखान्याचा आठाचा भोंगा वाजला की तोही मान वर करून सूर लावायचा, म्हणून हे नाव. वहिनी जाऊन सव्वा वर्ष झालं. त्यांच्या मागे घरात त्यांचं म्हणावं असं हलतं-बोलतं एवढंच उरलं होतं, आणि आता ते जिन्यावर आडवं पडलं होतं.

पाय थरथरत होते, तोंडाला फेस होता. डोळे उघडे, पण बघत कुठेच नव्हते. मास्तरांनी हाक मारली तर त्याने आवाजाच्या उलट्या दिशेला मान वळवली.

"बाई, वही काढा," मास्तर म्हणाले.

"कसली वही? आधी डॉक्टर बघा."

"डॉक्टरकडे नेतोच आहे. पण पाच वेळा, बाई. पाच वेळा योगायोग होत नाही. कोणीतरी घालतंय त्याला."

"कोण?"

मास्तरांनी फक्त वर बघितलं. वरच्या कठड्याशी त्यांची सून उभी होती, हातात भोंग्याचं पाण्याचं भांडं घेऊन. सासऱ्यांची नजर तिलाही कळली. ती भांडं तसंच हातात घेऊन आत गेली.

२

जनावरांची डॉक्टरीणबाई तरुण आहे, आणि तिच्यात एक मोठा दोष आहे: ती खोटं बोलत नाही. अशी माणसं धंद्यात मागे पडतात.

"काकू, मला कळत नाहीये," ती म्हणाली. स्टीलच्या टेबलावर भोंगा सलाईन लावून पडला होता. "पहिल्यांदा वाटलं, पोट बिघडलं. दुसऱ्यांदा फिट आल्यासारखं झालं, तर डोक्याचं काही असेल म्हटलं. तिसऱ्यांदा गोचिडीचा ताप समजून औषध दिलं. दर वेळी वेगळाच आजार वाटतो. लिव्हर बघितलं, किडनी बघितली, जंत बघितले, फोटो काढला. आणि गंमत म्हणजे इथे चार-पाच दिवस ठेवला की हा उठतो, शेपूट हलवत घरी जातो."

"आणि महिन्याभरात परत येतो."

"म्हणजे जे काय आहे, ते घरी आहे. मास्तरांना मी हे बोलले ते चुकलंच. तेव्हापासून ते सुनेशी नीट बोलत नाहीत म्हणे."

"विष असेल का गं?"

"विष म्हणजे काही एक गोष्ट नाही, काकू. प्रत्येकाची तपासणी वेगळी, आणि नमुना बाहेरगावी पाठवावा लागतो. तुम्ही नाव सांगा, मी शोधते. नावच नसेल तर काय शोधू?" तिने भोंग्याचा ओठ उचलून हिरड्या दाखवल्या. गुलाबी असायला हव्या होत्या, त्या कागदासारख्या होत्या. "रक्त कमी होत चाललंय. या वेळी उठेल. पुढच्या वेळचं मी नाही सांगू शकत."

मास्तर कोपऱ्यात उभे होते. त्यांनी ऐकलं, आणि खिशातली छोटी वही माझ्या हातात दिली.

त्या वहीबद्दल सांगायला हवं. कारखान्यातून बाहेर पडणारं प्रत्येक वजन मास्तरांच्या हाताखालून गेलेलं. माणसाला वर-खाली बघून ते त्याचं वजन सांगत आणि बायकांच्या शिव्या खात. भोंग्याला ते रोज सकाळी कारखान्याच्या जुन्या काट्यावर बसवत आणि वजन लिहीत, दहा ग्रॅमपर्यंत. डॉक्टरीणबाई म्हणायची, "मास्तरांची वही माझ्या केसपेपरपेक्षा बरी."

मी चष्मा लावला. चौदा किलो दोनशे. चौदा दोनशे. चौदा एकशे नव्वद. मग चौदा शंभर, तेरा नऊशे ऐंशी, तेरा आठशे. मग झटका. मागची पानं उलटली. मागच्या झटक्याआधीही तेच. त्याच्या मागेही तेच.

"मास्तर," मी म्हटलं, "विष घालणारा एका दिवसात घालतो. हा तर प्रत्येक झटक्याच्या आठ-दहा दिवस आधीपासून उतरत होता. रोज थोडं, रोज थोडं."

"म्हणजे रोज जवळ असणारं माणूस," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा वहीच्या पुठ्ठ्यासारखा झाला होता. "माझ्या घरातलं."

३

तरीही मी सुरुवात शिंप्यापासून केली. खून करण्याचं आश्वासन चारचौघांत देणारा वसाहतीत तो एकटाच.

शिंप्याची खोली मास्तरांच्या बरोबर खाली. भोंगा भुंकला की याची टीप वाकडी जाते असं त्याचं म्हणणं. गेल्या हिवाळ्यात त्याने कात्री हलवत जिन्यात जाहीर केलं होतं, "एक दिवस या कुत्र्याला कायमचा गप्प करतो!" ऐकणारे सात. त्यात मी.

मी गेले तेव्हा तो मशीनवर वाकलेला होता.

"ब्लाउज उसवलाय का, हजेरीबाई?"

"ब्लाउज धड आहे. भोंगा पडलाय."

मशीनचं पायडल थांबलं. "परत?"

"तू म्हणाला होतास, गप्प करतो म्हणून."

"मी तर गिऱ्हाइकांनाही म्हणतो की शुक्रवारी नक्की देतो. बोललेलं कधी खरं केलंय मी?"

हा युक्तिवाद मला पटला. पण माझी नजर मशीनच्या खणाकडे होती. शिंप्याच्या खणात बॉबिन असतात, खडू असतो. या खणाच्या फटीतून चुरा सांडला होता. मी सरळ खण ओढला. आत पावाच्या कडांचे तुकडे, कागदात नीट गुंडाळलेले.

शिंपी कानापर्यंत लाल झाला. "हे... हे माझं न्याहारीचं."

"दात किती तुझे?"

"अकरा."

"आणि कडा खातोस?"

त्याने मान खाली घातली. "वहिनी गेल्यावर तो जेवेना. तीन दिवस माझ्या दाराशी येऊन बसला. मी भुंकणाऱ्याला ओरडलोय, उपाशी बसलेल्याला कसा ओरडू? तेव्हापासून रोज सकाळी एक तुकडा. मास्तरांना सांगू नका. त्यांच्या वजनात फरक पडतो म्हणून ओरडतील." मग हळूच म्हणाला, "मला विचाराल तर त्याला काही विषबिष नाही. विरह आहे. वहिनींच्या मागे झुरतोय तो. माणसं चार महिन्यांत सावरतात. त्याला कोण समजावणार?"

खरं सांगायचं तर तोवर मलाही तसंच वाटत होतं. वहिनी ऑक्टोबरात गेल्या आणि पहिला झटका डिसेंबरात आला. पण विरह मार्च ते ऑक्टोबर रजेवर जात नाही. त्या आठ महिन्यांत भोंगा ठणठणीत होता, जिन्यावरून उड्या मारत होता आणि शिंप्याच्या टिपा वाकड्या करत होता.

"फेब्रुवारीत तो पडला तेव्हा तू काय दिलं होतंस?"

"फेब्रुवारीत? मी कुठे होतो इथे? डोळ्याचं ऑपरेशन. तीन आठवडे लेकीकडे, पट्टी बांधून."

मी लिहून घेतलं. शिंपी, फेब्रुवारी, खाडा.

४

सूनबाई दार उघडून म्हणाली, "या मावशी. मला वाटलंच, आज ना उद्या याल."

चहाचं विचारलं नाही. त्याचा मला राग आला नाही. ज्या घरात आपल्यावर पाळत आहे तिथे बाई चहा कशाला विचारेल?

हिचा नवरा, म्हणजे मास्तरांचा मुलगा, दूरच्या शहरात नोकरीला. महिन्यातून एकदा येतो. दोघांनी मास्तरांना तिकडे न्यायचं ठरवलं होतं, आणि तिकडच्या घरमालकाला कुत्रा चालत नव्हता. संशय घ्यायला एवढं कारण मास्तरांना पुरेसं होतं.

"तुला तिकडे जायचंय?" मी विचारलं.

"जायचंय. का नको? लग्नाला चार वर्षं झाली आणि नवऱ्याशी माझा संसार फोनवर चाललाय. पण म्हणून मी मुक्या जनावराला विष घालीन? बाबांनी तोंडावर विचारलं असतं तर मी भांडले असते. ते विचारत नाहीत. ते फक्त मी भात कालवते तेव्हा दारात येऊन उभे राहतात." तिने कोपऱ्यातली गादी उचलली. "परवा माझ्या हातचं भांडं घेऊन त्यांनी आधी स्वतः एक घोट पाणी प्यायलं, मावशी. माझ्यासमोर."

मी पेनाला टोपण लावलं. काही गोष्टी वहीत लिहायच्या नसतात.

"जानेवारीत तो पडला तेव्हा तू इथे होतीस?"

"आईकडे होते. आईचा पाय मोडला होता. पंधरा दिवस."

बोलता बोलता ती भोंग्याची गादी झटकत होती. गादीवर एक तपकिरी लोकरी शाल होती, कडेच्या गोंड्यांच्या लाळेने पार गाठी झालेल्या. ती मी लगेच ओळखली. वहिनी पहिल्या पाळीला यायच्या तेव्हा हीच शाल खांद्यावर असायची.

"ही अजून आहे?"

"आहे म्हणजे? घरातली खरी मालकीण तीच आहे. धुवायची नाही, उन्हात टाकायची नाही. का, तर सासूबाईंचा वास जाईल. बाबा ती गुडघ्यांवर घेऊन बसतात, आणि रात्री भोंग्याला देतात. भोंगा पिल्लू असल्यापासून गोंडे चोखत झोपतो. सासूबाई म्हणायच्या, आई लवकर तुटली ना त्याची." तिने शाल दोन बोटांनी उचलून घडी केली. "उन्हाळा लागला की मीच ट्रंकेत ठेवते आणि थंडी पडली की काढते. नुसता हात लावला तरी बाबा बघत असतात."

मी वहिनींना आठवत बसले. गेटवर पिशवी उघडून दाखवताना त्या हसायच्या आणि म्हणायच्या, "बघा बाई, दोन काटे आणि एक हत्ती चोरलाय." रोज तेच. मी रोज हसायची.

हसण्याच्या नादात माझ्या समोर उत्तर आलं आणि गेलं. त्या वेळी मला दिसलं नाही.

५

शुक्रवारी दुपारी मी रेघा मारल्या. आडव्या ओळीत पाच झटके, उभ्या रकान्यात माणसं. हजर तिथे टिंब, गैरहजर तिथे फुली.

शिंपी: एक फुली. सूनबाई: एक फुली. मुलगा: पाचपैकी तीन फुल्या. दुधवाली: नोव्हेंबरात तिच्या मुलीचं बाळंतपण, फुली. पोस्टमनला भोंगा जवळच येऊ देत नाही, त्याची ओळच काढली नाही.

हजेरीपट खोटं बोलत नाही. रोज थोडं थोडं घालणारा माणूस पाचही वेळा इथे असायला हवा. पाचही टिंबं एकाच ओळीत होती.

वजनमास्तर.

मी पेन खाली ठेवलं. हसू आलं आणि लगेच मावळलं. एकतीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते: ज्याचा एकही खाडा नाही, त्याच्याकडे कोणी बघतच नाही. मुकादमही नाही, मीही नाही.

पण मास्तर? जो माणूस भोंग्याच्या वजनातले वीस ग्रॅम कमी झाले तर जेवत नाही, तो? एकटेपणाने माणसाचं काय होतं ते सांगता येत नाही म्हणतात. सुनेला घालवायला, शहर टाळायला, भोंग्याला आजारी पाडून...

तो विचार मी पुरा केला नाही. वही मिटली आणि चपला घातल्या. भोंगा त्याच दिवशी दवाखान्यातून घरी आला होता.

६

मास्तर गॅलरीत बसले होते, काम चालू होतं.

कारखाना बंद झाला तरी लोखंडी वजनं संपली नाहीत. गावातले दुकानदार सरकारी शिक्का मारून घ्यायच्या आधी आपली वजनं मास्तरांकडे आणतात. लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं आणि त्यात शिसं भरलेलं असतं. वजन झिजलं तर शिसं घालायचं, भारी झालं तर खरवडायचं. मास्तर कानशीने खरवडत होते, काट्यावर ठेवत होते, पुन्हा खरवडत होते. करडा बारीक चुरा त्यांच्या मांडीवरच्या कापडावर पडत होता.

"वहिनी असताना तुम्ही गच्चीवर करायचात ना हे?"

"ती वर पोत्यावर बसवायची. पोतं खाली आणू द्यायची नाही. आता गुडघे जिना चढत नाहीत, बाई. आणि वर एकटं बसून करायचं काय?" कानस थांबली नाही. "इथे थंडी वाजते, पण गल्ली दिसते. काळजी करू नका, एक कण जमिनीवर सांडत नाही. शिसं वाईट. भोंगा चाटेल."

आणि खरंच, फरशी लख्ख होती. मास्तरांनी काम संपवलं, मांडीवरचा चुरा डब्यात झटकला, डब्याचं झाकण घट्ट लावलं. मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा, शिशाच्या खोलीत शिकवलं होतं तसे. एवढा नेटका माणूस. माझ्या मनातलं पाप मला बोचायला लागलं.

भोंगा गादीवर कापत होता. मास्तर परत आले, खुर्चीवरून मांडीवरचं ते कापड उचललं आणि मायेने त्याच्या अंगावर घातलं.

"थंडी वाजते बाळाला," म्हणाले.

तपकिरी शाल. भोंग्याने डोळे मिटले, नाकाने गोंडा शोधला आणि तोंडात धरला.

माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते मी ठरवून बोलले नाही. एकतीस वर्षं रोज संध्याकाळी पाच वाजता गेटवर जे ओरडत होते, तेच ओरडले.

"अ‍ॅप्रन आत!"

मास्तरही विचार न करता जागच्या जागी थांबले. चाळीस वर्षांची सवय. एक पाय पुढे, एक मागे. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भोंग्याच्या तोंडाकडे. मग स्वतःच्या मांडीकडे.

तो चेहरा मी कधी विसरणार नाही. काटा मधोमध यायच्या आधी थरथरतो ना, तसा तो थरथरला आणि मग थांबला.

सूनबाई धावत बाहेर आली. मी तोवर गोंडा भोंग्याच्या तोंडातून सोडवला होता. तो कुरकुरला.

"काय झालं मावशी?"

"मी माणसांची हजेरी घेत बसले," मी म्हटलं. "सगळ्यांचा खाडा सापडला, एक ओळ मी काढलीच नाही. शाल कधी बाहेर असते? तूच सांगितलंस, थंडीत. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, नोव्हेंबर, आणि आता परत डिसेंबर. ट्रंकेत कधी? मार्च ते ऑक्टोबर. मास्तरांचं काम बारा महिने चालतं, पण उन्हाळ्यात मांडीवर काय असतं?"

"फळी," सून म्हणाली. "आणि ओला पेपर. तो मी फेकते."

"दवाखान्यात शाल जात नाही, म्हणून तो तिथे बरा होतो. घरी आला की रोज रात्री थोडा चुरा पोटात. एका दिवशी नाही, रोज. म्हणून वजन आठ दिवस आधीपासून उतरतं. शाल झटकून लोकरीतला चुरा निघत नाही, मास्तर. कारखान्यात चामड्याचा अ‍ॅप्रन होता. तो पुसता यायचा, आणि तरी आपण तो आत ठेवून यायचो."

मास्तर खुर्चीत बसले. त्यांनी दोन्ही तळहात उलटसुलट करून बघितले.

"जमिनीवर सांडू नये म्हणून," ते अखेर म्हणाले. "त्याच्यासाठीच तर मांडीवर घेत होतो."

७

या वेळी डॉक्टरीणबाईला नाव मिळालं होतं. नमुना बाहेरगावी गेला आणि उत्तर यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मास्तरांनी भोंग्याचं वजन केलं नाही. काट्याकडे बघितलंही नाही.

उत्तर आलं तेव्हा आम्ही सगळे मास्तरांच्या घरी होतो. पाव लपवायचं कारण न उरलेला शिंपी उघडपणे पुडी घेऊन आला होता. डॉक्टरीणबाईने कागद वाचून दाखवला. रक्तात शिसं, भरपूर.

"पण यावर औषध आहे," ती घाईघाईने म्हणाली, कारण मास्तरांनी खुर्चीचा हात धरला होता. "कॅप्सूल आहेत, त्या शिसं बाहेर काढतात. दोन-तीन महिने लागतील. परत पोटात गेलं नाही तर हा म्हातारा होऊन मरेल. आणि मास्तर, तुमचंही रक्त तपासून घ्या. वजनांचं काम गॅलरीत नको."

"बंद केलं," मास्तर म्हणाले. "दुकानदारांना सांगून टाकलं, हात थरथरतो म्हणून. आणि शाल?"

"धुऊन भरवसा नाही. प्लास्टिकमध्ये बांधून माझ्याकडे द्या. विषारी कचऱ्याबरोबर जाईल."

कोणी कोणाकडे बघेना. भोंगा सूनबाईच्या पायांवर हनुवटी ठेवून पडला होता. तिच्या पायांवर, हे मास्तरांनी बघितलं. मी बघितलं की त्यांनी बघितलं.

ते उठले. ट्रंकेवरची शाल घेतली, घडी घातली, पिशवीत ठेवली आणि दोरीने तोंड बांधलं. गाठ कारखान्याची, पार्सलची. वहिनी बांधत तशी. बांधून झाल्यावरही हात पिशवीवरून हलेना.

"बाबा," सून म्हणाली, "एकदा बाहेरून... वास घ्यायचा असेल तर..."

"शालीला तिचा वास नव्हताच गं."

शिंप्याने पावाची पुडी खाली ठेवली.

"सहा महिने झाले. वर्ष झालं असेल." मास्तर पिशवीशीच बोलत होते. "लोखंडाचा वास येत होता. माझाच. मला कळत होतं. पण धुऊ दिली असती तर ते कबूल करावं लागलं असतं. आणि तिचा वास कसा होता, ते मला आठवेना. अडतीस वर्षं, आणि आठवेना. कोणाला सांगू?" मग त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा सुनेकडे सरळ बघितलं. "मी तुझ्या हातचं पाणी चाखून बघितलं. ते मी... ते चुकलं माझं."

सूनबाईचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. ती भोंग्याच्या उभ्या कानामागे खाजवत राहिली.

"मला आठवतो," ती म्हणाली.

"काय?"

"त्यांचा वास. मी या घरात आले त्या दिवशी त्यांनी मला जवळ घेतलं होतं. भुशाचा वास होता. ताज्या लाकडाचा. कारखाना बंद होऊन दोन वर्षं झाली होती तरी केसांत होता. आणि त्याच्याखाली लवंग. दाढ दुखायची ना त्यांची, गालात धरून ठेवायच्या."

"लवंग," शिंपी म्हणाला. "हो! माप घेताना यायचा."

"डावीकडची दाढ," मास्तर म्हणाले. त्यांनी पिशवी डॉक्टरीणबाईच्या हातात दिली आणि खुर्ची ओढून सुनेच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. "परत सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. पहिल्यापासून."